इटलीला जाताय? शहरं रेल्वेने, गाडी फक्त खेड्यांसाठी

इटलीची सहल ठरली की घरातलं कुणीतरी हटकून म्हणतं, "गाडी भाड्याने घेऊ. आपली आपण. वाटेल तिथे थांबता येईल." कोकणात आणि गोव्यात असं फिरायची सवय असते, त्यामुळे म्हणणं पटतंही. मग सहल होते, फोटो टाकून होतात, आणि काही महिन्यांनी क्रेडिट कार्डावर गाडीवाल्या कंपनीने लावलेलं एक अनोळखी शुल्क दिसतं. त्याच्या मागोमाग येतं इटलीतल्या कुठल्याशा नगरपालिकेचं दंडाचं पत्र. तारीख, वेळ, रस्त्याचं नाव, गाडीचा नंबर, सगळं बिनचूक.

रेल्वेने जाऊ म्हणणाऱ्यांची अडचण वेगळी असते. एकाच मार्गावर एक तिकीट १० युरोचं, दुसरं ६० चं. एका गाडीला सीट नंबर आहे, दुसरीला नाही. एका शहरात चार-चार स्टेशनं. त्यामुळे बरेच जण कंटाळून परत गाडीकडे वळतात किंवा सरळ टूर कंपनी गाठतात. खरं तर दोन-तीन गोष्टी नीट कळल्या की ही व्यवस्था फारशी अवघड राहत नाही.

तो दंड नेमका कसला असतो?

इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी परवाना नसलेल्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. अशा भागाला 'झोना आ त्राफ्फिको लिमितातो' म्हणतात, थोडक्यात झेडटीएल. तिथे फाटक नसतं, शिट्टी वाजवणारा पोलीस नसतो. लाल कड्याची पांढरी गोल पाटी, तिच्याखाली वेळा लिहिलेल्या, आणि खांबावर कॅमेरा. पुष्कळ ठिकाणी दिव्यांची आणखी एक पाटी असते. तिच्यावर 'वार्को आत्तीवो' उमटलं की बंदी चालू. नवखा माणूस ते वाचून रस्ता चालू आहे असं समजतो आणि खुशाल आत शिरतो.

प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा. म्हणजे हॉटेल सापडेना म्हणून त्याच गल्लीला दोन फेऱ्या मारल्या, तर दोन दंड. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला नगरपालिकेकडे ३६० दिवसांची मुदत असते, म्हणून ती इतकी उशिरा येते. कार्डावर दिसलेलं शुल्क हा दंड नव्हेच. तुमचं नाव-पत्ता नगरपालिकेला कळवल्याबद्दल गाडीवाल्या कंपनीने घेतलेले ते पैसे असतात. दंड त्याच्यावर वेगळा.

बाकी गोष्टीही आहेतच. आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्यावं लागतं. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, स्टिअरिंग डावीकडे. ऑटोमॅटिक गाडी हवी तर मुद्दाम मागावी लागते आणि ती महाग पडते. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर त्याचे बहुधा जादा पैसे. आणि एवढं करून गाडीचा उपयोग काय? रोममध्ये ती पार्किंगमध्ये पडून राहणार. व्हेनिसमध्ये तर पियात्साले रोमाच्या चौकापाशी रस्ताच संपतो, पुढे फक्त पाणी आणि पायवाटा. वापरायची नाही अशा गाडीचं भाडं आणि पार्किंग दोन्ही भरायचं, याला सोय म्हणता येत नाही.

इटलीचा नकाशा आधी रुळांवरून वाचा

इटलीत पहिली रेल्वे १८३९ साली नेपल्स आणि पोर्तीची यांच्यामध्ये धावली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या १४ वर्षं आधी. आज प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी वेगवान गाड्यांची मुख्य लाइन: तोरिनो, मिलान, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स आणि पुढे सालेर्नो. बोलोन्याहून एक फाटा पादोव्हामार्गे व्हेनिसला जातो. मिलान आणि व्हेनिस हेही थेट, व्हेरोनामार्गे, जोडलेले आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला हव्या असलेल्या बहुतेक जागा या रेषेवर किंवा तिच्यापासून तासा-दीड तासावर आहेत.

या लाइनचा रोम-फ्लॉरेन्स भाग युरोपातला पहिला हायस्पीड रेल्वेमार्ग समजला जातो. त्याचा पहिला टप्पा १९७७ साली सुरू झाला आणि शेवटचा १९९२ साली. आज रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास लागतो, रस्त्याने तीन तास धरावे लागतात. फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास. रोम ते नेपल्स सव्वा तासाच्या आत-बाहेर. मिलान ते फ्लॉरेन्स दोन तासांना थोडं कमी. मिलान ते रोम तीन-सव्वातीन तास, आणि हेच अंतर गाडीने सहा तासांचं आहे.

यातला खरा फायदा मिनिटांपेक्षा जागेचा आहे. रेल्वे तुम्हाला शहराच्या मधोमध उतरवते. फ्लॉरेन्सच्या स्टेशनातून बाहेर पडलं की डुओमो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च, चालत १० ते १५ मिनिटांवर. व्हेनिसच्या सान्ता लुचिया स्टेशनच्या पायऱ्यांपुढे तर थेट ग्रँड कॅनालच, वापोरेत्तो म्हणजे पाण्यावरच्या बसचा धक्का समोर.

एक तक्रार मात्र रास्त आहे. "ट्रेनमधून इटली बघू" म्हणून वेगवान गाडीत बसलात तर निराशा होईल. बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा अपेनाइन डोंगरातला पट्टा गाडी जेमतेम ३५ ते ४० मिनिटांत काढते, आणि तो जवळजवळ सगळा बोगद्यांत आहे. खिडकीत आपलाच चेहरा दिसतो. द्राक्षमळे, सायप्रसची झाडं, टेकडीवरची गावं बघायची असतील तर ती दुसऱ्या जातीच्या गाडीतून दिसतात.

दोन जातीच्या गाड्या, दोन जातीची तिकिटं

सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

पहिली जात लांब पल्ल्याची. यात वेगवान गाड्या येतात: सरकारी कंपनी त्रेनितालियाची 'फ्रेच्चारोस्सा' आणि खाजगी कंपनीची 'इतालो'. दोन्ही ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावतात. इतालो २०१२ साली त्याच रुळांवर उतरली, आणि एकाच मार्गावर दोन कंपन्या भिडल्याचा फायदा प्रवाशाला झाला. यांच्याच गटात जरा सावकाश जाणाऱ्या 'इंटरसिटी' गाड्याही येतात. या सगळ्यांत आरक्षण सक्तीचं असतं. डबा, सीट, गाडीचा नंबर आणि वेळ तिकिटावर छापलेली. आपल्याकडची वेटिंग लिस्ट, आरएसी हा प्रकार तिथे नाही. जागा असेल तर तिकीट मिळतं, नसेल तर पुढची गाडी. आणि इतालोचं तिकीट फ्रेच्चारोस्साला चालत नाही. फलाट शेजारी-शेजारी असले, दोन्ही गाड्या लाल असल्या तरी नाही.

दुसरी जात प्रादेशिक गाड्यांची: 'रेजोनाले', आणि तिचीच कमी थांबे घेणारी बहीण 'रेजोनाले वेलोचे'. ही गाडी आपल्या लोकलसारखी समजा. तिकीट मार्गाचं असतं, सीटचं नाही. जागा मिळाली तर बसा, नाहीतर उभे राहा. भाडं किलोमीटरवर ठरलेलं, चार महिने आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या १० मिनिटं आधी काढा, तेवढंच. फ्लॉरेन्सहून पिसा, लुक्का किंवा सिएनाला एका बाजूचं तिकीट १० युरोंच्या आसपास पडतं. ही तिकिटं आधीपासून काढून ठेवायचं काहीच कारण नाही. सकाळी आभाळ बघून पिसा की सिएना ते ठरवावं.

या दुसऱ्या जातीत एकच खोच आहे, आणि दंड बसतो तो तिच्यामुळे. यंत्रातून किंवा खिडकीवर घेतलेलं कागदी रेजोनाले तिकीट चढण्यापूर्वी छापून घ्यावं लागतं. फलाटाच्या तोंडाशी किंवा जिन्याजवळ भिंतीला टिफिनच्या डब्याएवढं एक यंत्र लावलेलं असतं. फटीत तिकिटाचं टोक सरकवायचं, खर्र असा आवाज येतो आणि कडेला तारीख-वेळ उमटते. उमटलीच आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं, कारण शाई संपलेली यंत्रंही भेटतात. एक बंद असेल तर दुसरं शोधायचं. न छापलेलं तिकीट म्हणजे टीसीच्या लेखी विनातिकीट प्रवास. "माहीत नव्हतं" हे त्याने हजारदा ऐकलेलं असतं. तिकीट मोबाइलवर घेतलं असेल तर छापायचं नसतं, पण चढण्याआधी त्यातलं 'चेक-इन' दाबावं लागतं. लांब पल्ल्याच्या आरक्षित तिकिटाला यातलं काहीच लागत नाही. ते फोनवर दाखवलं की झालं.

१० युरो आणि ६० युरो यांत फरक कसला?

वेगवान गाड्यांचं भाडं मागणीप्रमाणे हलतं. प्रत्येक गाडीत स्वस्त दराच्या थोड्याच जागा असतात. त्या संपल्या की पुढचा दर. फ्लॉरेन्स-रोमसारखं तिकीट आधी घेतलं तर २०-२५ युरोंत मिळू शकतं आणि आयत्या वेळी पन्नाशी ओलांडतं.

त्रेनितालियाचे मुख्य दर तीन. 'बाझे' सगळ्यात महाग, पण बदलता येतो आणि काही रक्कम कापून पैसेही परत मिळतात. 'इकॉनॉमी' मधला, त्यात बदलाला मर्यादित वाव. 'सुपर इकॉनॉमी' सगळ्यात स्वस्त, आणि ते एकदा घेतलं की घेतलं. गाडी चुकली तर तिकिटाचा कागद झाला. इतालोचीही अशीच उतरंड आहे, नावं वेगळी. दर आणि वर्ग यांची गल्लत करू नका. 'स्टँडर्ड', 'प्रीमियम', 'बिझनेस' हे खुर्चीचे वर्ग आहेत, आणि दीड-दोन तासांच्या प्रवासाला स्टँडर्ड पुरेसा होतो. क्वचित प्रीमियमचं सवलतीचं तिकीट स्टँडर्डपेक्षा दोन-तीन युरोंनीच महाग दिसतं. तेव्हा घ्यावं, संकोच करू नये.

मग युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास? फक्त इटली आणि फक्त तीन-चार लांबचे प्रवास असतील तर माझं मत नाही असंच आहे. पास असला तरी वेगवान गाडीत सीट आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, आणि रेजोनाले मुळातच स्वस्त आहे. पासाचा हिशोब जमतो तो चार-पाच देश पालथे घालणाऱ्यांचा.

किती शहरं? इथे हात आखडता घ्या

रेल्वे इतकी झटपट आहे म्हटल्यावर माणूस हावरा होतो. १० दिवसांत मिलान, व्हेरोना, व्हेनिस, बोलोन्या, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स. कागदावर सगळं बसतंही. पण एक मुक्काम हलवायला दीड तासाच्या प्रवासाला प्रत्यक्षात अर्धा दिवस लागतो: बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, उतरा, हॉटेल शोधा, तीन वाजेपर्यंत खोली मिळत नाही म्हणून सामान ठेवा. तेव्हा मोजायची ती शहरं नाहीत, मुक्काम. १० ते ११ रात्रींना तीन मुक्काम, फार तर चार.

उदाहरणादाखल हे बघा. मुंबईहून तिकीट काढताना जायचं व्हेनिसला आणि परतायचं रोमहून असं 'मल्टी-सिटी' तिकीट काढलं तर परत फिरून यायचा खटाटोप वाचतो. व्हेनिसला दोन रात्री. तिथून थेट गाडीने फ्लॉरेन्स, चार रात्री. फ्लॉरेन्समध्ये इतक्या कशाला, तर हे शहर तळ म्हणून उत्तम आहे. बॅगा खोलीवर ठेवून एक दिवस रेजोनालेने लुक्का आणि पिसा दोन्ही होतात, एक दिवस सिएना. वेगवान गाडी पकडली तर बोलोन्याला जेवायला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मग रोम, चार-पाच रात्री. त्यातला एक दिवस नेपल्स-पॉम्पेईला किंवा टेकडीवरच्या ओर्विएतोला. असे सारे मिळून आरक्षित प्रवास दोनच: व्हेनिस-फ्लॉरेन्स आणि फ्लॉरेन्स-रोम. फार तर रोम-नेपल्स जाऊन-येऊन.

व्हेनिसऐवजी मिलानला उतरलात तरी साखळी तशीच राहते. सिएनाबद्दल एक टीप: तिथलं स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि गाव वर. सरकते जिने आहेत, तरी फ्लॉरेन्सहून जाणारी बस गावाच्या जास्त जवळ सोडते. रेल्वेवर कितीही प्रेम असलं तरी सिएनाला बसच बरी.

कुठल्या स्टेशनवर उतरायचं?

तिकीट काढताना इटालियन नावं लागतात: रोमा, फिरेन्झे, वेनेत्सिया, नापोली. शहरापुढे स्टेशनचं नाव नीट बघा. रोममध्ये बहुतेकांना 'तेर्मिनी' हवं असतं. 'तिबुर्तिना' शहराच्या कडेला आहे. फ्लॉरेन्समध्ये 'सान्ता मारिया नोव्हेल्ला', तिकिटावर एस. एम. एन. असं येतं, काही गाड्या फक्त 'काम्पो दी मार्ते'ला थांबतात. व्हेनिसमध्ये 'मेस्त्रे' हे पुलाच्या अलीकडचं, जमिनीवरचं गाव. बेटावर जायचं तर 'सान्ता लुचिया', १० मिनिटं पुढे. हॉटेल स्वस्त म्हणून मेस्त्रेत घेतलं असेल तर मात्र मेस्त्रेलाच उतरा. बोलोन्याला गाडी बदलायची असेल तर हाताशी वेळ ठेवा. तिथले वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोल आहेत, आणि वर यायला लागणारी मिनिटं वेळापत्रकात दिसत नाहीत.

फलाटाला 'बिनारिओ' म्हणतात, आणि त्याचा आकडा बोर्डावर गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी झळकतो. तेर्मिनीला बोर्डाखाली माना वर करून उभी असलेली गर्दी दिसेल. आकडा उमटला की सगळे एकदम निघतात. घाबरायचं नाही. बोर्डावर आपलं शहर शोधू नका, गाडीचा नंबर शोधा. व्हेनिसहून फ्लॉरेन्सला जाणारी गाडी बहुधा पुढे रोमला किंवा नेपल्सला जाणारी असते आणि बोर्डावर तेच शेवटचं नाव येतं. 'रितार्दो'च्या रकान्यात आकडा असेल तर तेवढी मिनिटं उशीर. रोम, मिलान, फ्लॉरेन्सच्या मोठ्या स्टेशनांवर फलाटाआधी तिकीट तपासतात, तेव्हा सोडायला आलेली मंडळी बाहेरच राहतात. दारं सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतात, धावत्या गाडीत चढायचा प्रश्नच येत नाही.

फ्लॉरेन्सचं स्टेशन शेवटचं टोक असल्यासारखं आहे, रूळ तिथेच संपतात. तिथून गाडी उलट्या तोंडाने निघते. "तोंड पुढे असलेली सीट" म्हणून हट्टाने घेतलेली जागा फ्लॉरेन्सनंतर पाठमोरी होते. मुलांना गंमत वाटते, गाडी लागणाऱ्यांना नाही.

सामान आहे आणि आई-बाबाही बरोबर आहेत

हा सगळ्यात वजनदार आक्षेप. भारतातून निघताना २३ किलोच्या बॅगा भरायची आपली रीत असते, आणि तिथे हमाल मिळेल या भरवशावर राहू नये. स्वतःची बॅग स्वतः उचलून दोन-तीन पायऱ्या चढवता आली पाहिजे, हा नियम घरातच लावा. मधल्या आकाराची एक बॅग आणि पाठीवर पिशवी, एवढ्यावर भागवलं तर रेल्वे सुखाची. वेगवान गाड्यांत डब्याच्या टोकाला आणि डोक्यावर सामानाची जागा असते. आधी चढलं तर ती मिळते. "मी उचलू का?" म्हणत पुढे येणारा अनोळखी हात, तिकीट यंत्रापाशी मदतीला धावणारा माणूस, दोघांनाही हसून नाही म्हणायचं. पाकीट मारणारे बरेचदा याच मार्गाने येतात.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मदत सेवा आहे. आधी कळवलं तर व्हीलचेअर आणि डब्यात चढवायची लिफ्ट मिळते. व्हेनिसची अडचण स्टेशनात नाही, बाहेर आहे: तिथल्या पुलांना पायऱ्या असतात आणि प्रत्येक पुलावर बॅग उचलावी लागते. हॉटेल सान्ता लुचियाच्या किंवा वापोरेत्तोच्या धक्क्याजवळच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीला 'लिओनार्दो एक्सप्रेस' ३२ मिनिटांत जाते, तिकीट १४ युरो. एकट्या-दुकट्याला झकास. चौघं असाल तर साधारण तेवढ्याच पैशांत ठरावीक दराची टॅक्सी हॉटेलच्या दारात सोडते. अशा ठिकाणी रेल्वेचा हट्ट धरू नये.

चौघांना गाडी स्वस्त नाही का पडणार?

नुसतं भाडं चार माणसांत वाटलं तर कधी कधी हो. पण त्यात पेट्रोल, 'आउतोस्त्रादा'चा म्हणजे एक्सप्रेसवेचा टोल, शहरातलं रोजचं पार्किंग, विमा आणि दुसऱ्या शहरात गाडी सोडायचे पैसे मिळवा. वरच्या सहलीत रेल्वेचे आरक्षित प्रवास दोनच आहेत. लवकर काढलेली चौघांची तिकिटं ही बेरीज बहुधा गाठतही नाहीत. लहान मुलांसाठी दोन्ही कंपन्यांच्या सवलती असतात. मुलाचं वय नीट भरलं की त्या आपोआप दिसतात.

गाडी उशिरा आली, किंवा संप झाला तर?

उशीर होतो. इटलीतली रेल्वे म्हणजे जपानची नव्हे. युरोपियन नियमानुसार एक तास ते दोन तासांच्या आत उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. परतीच्या विमानाच्या दिवशी मात्र भरपाई काय कामाची? म्हणून शेवटची रात्र विमानतळाच्याच शहरात काढावी. सकाळी फ्लॉरेन्सहून गाडी आणि दुपारी रोमहून विमान, असला नेम धरू नये.

संपाला 'शोपेरो' म्हणतात, आणि तो इटलीत नवलाचा नाही. बरेचदा शुक्रवारी असतो, यावर इटालियन लोकच विनोद करतात. पण १९९० च्या कायद्याने संपालाही शिस्त आहे. निदान १० दिवस आधी जाहीर करावा लागतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात, आणि लांब पल्ल्याच्या हमखास धावणाऱ्या गाड्यांची यादी निघते. तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाहीर संपांच्या तारखा दिसतात. निघण्याच्या आठवड्यात एकदा बघून ठेवा.

रेल्वे जिथे पोचत नाही

गाडीवाल्यांचा मुद्दा इथे खरा ठरतो. तोस्कानाची गोल टेकड्यांची खेडी, पिएन्झा, मोन्तेपुल्चानो, किआंतीचे द्राक्षमळे, हा भाग रेल्वेने नीट होत नाही. सान जिमिन्यानोला स्टेशनच नाही. पोज्जीबोन्सीला उतरून बस घ्यावी लागते. उत्तरेचे डोलोमाइट डोंगर बोल्झानोपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने किंवा गाडीने. अशा वेळी फ्लॉरेन्सहून एक-दोन दिवसांपुरती गाडी घ्यावी, झेडटीएलच्या बाहेरच्या ऑफिसातून, आणि तिथेच परत करावी. मुक्काम खेड्यातल्या शेतघरात असेल तर फारच छान.

उलट चिंक्वे तेर्रे ही समुद्रकाठची पाच गावं गाडीने गेलात तर पस्तावाल. ला स्पेत्सिया आणि लेव्हान्तो यांच्यामध्ये छोटी रेल्वेगाडी पाचही गावांना थांबत जाते. त्यातलं कोर्निल्या तेवढं उंचावर आहे. स्टेशनपासून वर चढायला पावणेचारशे पायऱ्या.

पॉम्पेईला नेपल्सहून 'चिर्कुमवेसुव्हियाना' ही वेगळ्या कंपनीची स्थानिक गाडी जाते, नेपल्सच्या मुख्य स्टेशनच्या खालच्या फलाटावरून. 'पॉम्पेई स्काव्ही' स्टेशनला उतरलं की अवशेषांचं प्रवेशद्वार समोरच. हीच गाडी पुढे सोर्रेंतोला जाते. जुनी, गजबजलेली, उन्हाळ्यात तापलेली. पाकीट पुढच्या खिशात. अमाल्फीच्या किनाऱ्याला रेल्वे नाही. सोर्रेंतो किंवा सालेर्नोपर्यंत रेल्वे, पुढे बस किंवा बोट. त्या किनाऱ्यावरचे वळणांचे अरुंद रस्ते स्वतः चालवायला घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत. चालवणाऱ्याला समुद्र दिसतच नाही.

आणि सिसिली. रोमहून तिथे थेट रेल्वे जाते, मधे समुद्र असून! व्हिला सान जोव्हान्नीला गाडीचे तुकडे करून ते बोटीत चढवतात, मेस्सिनाची सामुद्रधुनी ओलांडतात आणि पलीकडे पुन्हा रुळांवर उतरवतात. प्रवास लांबलचक, घाई असेल त्याने विमानच घ्यावं. पण रेल्वेवेड्याने हे सोडू नये.

व्हिसा आधी की तिकीट आधी?

आपल्या लोकांचा हा खरा पेच. स्वस्त तिकीट आधी काढावं तर परत होत नाही, आणि शेंगेन व्हिसा मिळेल की नाही, कोणत्या तारखेला मिळेल, हे हातात नाही. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळी सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळणं हीच लढाई असते, तेव्हा तो लवकरात लवकर करावा. अर्जासोबतच्या कार्यक्रमात शहरं, तारखा आणि प्रवास रेल्वेने एवढं लिहावं. हॉटेलं रद्द करता येणारी घ्यावीत. सुपर इकॉनॉमी तिकिटाला तोवर हात लावू नये.

व्हिसा आला की त्याच संध्याकाळी बसून दोन-तीन आरक्षित तिकिटं काढून टाका. त्रेनितालिया आणि इतालो दोन्हीकडे त्याच वेळेचे दर बघा. सकाळी ११ ची गाडी ८ च्या गाडीपेक्षा निम्म्या भावात असू शकते. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू केले आहेत ना ते तपासा, कारण आपल्याकडे ते मुद्दाम चालू करावे लागतात आणि पैसे भरताना अडतं ते बहुतेकदा इथेच. तरीही कार्ड चालेना तर तिकिटं विकणारी मध्यस्थ ॲप्स आहेत. थोडं शुल्क घेतात, पण काम होतं. वेळापत्रक जून आणि डिसेंबरच्या मध्याला बदलतं, त्यामुळे त्या पलीकडच्या तारखांच्या गाड्या कधी कधी उशिरा दिसू लागतात. गाडी दिसत नाही म्हणजे ती बंद झाली असं नाही, आठवड्याने पुन्हा बघा. रेजोनालेचं काहीच काढू नका. ते तिथे गेल्यावर, स्टेशनवर.